नळीतील हवा

कर्तव्य कोठे संपते, हा प्रश्न आपल्या कीर्तन-प्रवचनांत बहुधा थोरामोठ्यांच्या निमित्ताने येतो. राजा, पुत्र, शिष्य यांच्यापुढे धर्मसंकट उभे राहते, आणि आपण श्रोते सुस्कारा टाकून घरी परततो. आम्हांस मात्र तो प्रश्न गोव्यातील एका देवस्थानाच्या अग्रशाळेमागे, पत्र्याच्या खोलीत, डिझेलच्या वासात भेटला.

जत्रेची आदली संध्याकाळ होती. देवस्थानाने नवा जनरेटर घेतला होता. इंजिन चौथऱ्यावर बसले होते, टाकी भरली होती, बॅटरी नवी होती. तरी इंजिन सुरू होईना. मिस्त्री येण्यापूर्वीच उत्साही मंडळींनी सेल मारमारून बॅटरी अर्धमेली केली होती. मिस्त्री वयस्क आणि मितभाषी. त्यांनी सर्वांना बाजूला केले आणि पाना हाती घेतला. "मात्शें रावात, आजून वारें आसा," एवढेच ते बोलले. थोडे थांबा, अजून आत हवा आहे.

ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा १६ ते २० पट दाबली जाते, ती ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते, आणि त्या तप्त हवेत डिझेलचा फवारा शिरला की तो आपोआप पेट घेतो. हा फवारा सोडणारे नोझल जुन्या धर्तीच्या इंजिनांत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलोग्रॅम दाब आल्यावाचून उघडत नाही. पंप एका खेपेस जे डिझेल ढकलतो ते जेमतेम एका थेंबाएवढे. द्रव सहसा आकसत नाही, म्हणून तेवढ्या थेंबाचा रेटाही नळीतून नोझलपर्यंत जसाच्या तसा पोहोचतो. पण नळीत हवा असली की ती आकसते, सगळा रेटा पोटात घेते, आणि पंप मागे सरताच पुन्हा फुगते. पंप राबत राहतो आणि नोझल मिटलेलेच राहते. अशा वेळी अधिक जोर लावण्यात अर्थ नसतो. हवेला वाट करून द्यावी लागते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारायचा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, शेवटी निर्मळ धार येते. मग स्क्रू आवळायचा. तेच पुढे पंपावर करायचे, आणि अखेरीस नोझलकडचे नट एकेक सैल करून इंजिन फिरवायचे. (आजच्या कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनांत दाब याच्या कित्येक पट असतो. तेथे हे नट सैल करण्याचे धाडस कोणी करू नये.)

आम्ही उभ्या उभ्या विचार करू लागलो की, यात दोष कोणाचा? कारखान्याचा नव्हे, बसविणाऱ्याचाही नव्हे. नव्या, रिकाम्या नळीत हवा असणारच. आणि हवा तरी दोषी कशी म्हणावी? तीच सिलिंडरमध्ये नसेल तर डिझेल पेटणार कशात? खुद्द रूडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली आउग्सबुर्ग येथे जे इंजिन यशस्वी करून दाखविले, त्यात इंधन आत फुंकण्याचे काम दाबलेल्या हवेकडेच होते. त्यासाठी अवजड कॉम्प्रेसर बाळगावा लागे. १९२७ पासून बॉश यांच्या कारखान्यात पंप मोठ्या संख्येने तयार होऊ लागले, आणि पुढे हवेची ती चाकरी सुटली. एका ठिकाणी जी प्राण, तीच चार बोटांपलीकडे अडथळा! सोवळ्याओवळ्याच्या मुळाशीही हाच स्थानविवेक असावा, असे आम्हांस वाटते. पुढे आपण त्याचे काय करून ठेवले ही गोष्ट निराळी.

इकडे मिस्त्रींनी खाली ठेवलेल्या टोपात डिझेल साचू लागले होते. एका महाजनांना ते पाहवेना. "अहो मिस्त्री, हे देवाचे द्रव्य आहे," ते म्हणाले. मिस्त्रींनी मान हलवली, पण धार निर्मळ होईतो स्क्रू आवळला नाही.

मग इंजिन सुरू झाले. सभामंडपातले दिवे लागले, कोणी नारळ फोडला, मुलांनी टाळ्या पिटल्या. मिस्त्रींनी दोन मिनिटे कान देऊन ऐकले आणि इंजिन बंद केले. आवाज सम नव्हता. मध्येच दम लागल्यासारखा अडखळत होता. त्यांच्या मते फिल्टरच्या माथ्याशी अजून थोडी हवा राहिली होती. मंडळी चिडली. "चालते आहे ना? मग पुन्हा कशाला हात लावता?"

आमच्या मते खरे धर्मसंकट येथे होते. चालत्या इंजिनातून उरलीसुरली हवा पुष्कळदा आपोआप निघून जाते, हे मिस्त्री आमच्यापेक्षा अधिक जाणत होते. बहुधा काहीच बिघडले नसते. मजुरी ठरलेली होती, यजमान तृप्त होते, घरी जाण्यास कोणाची हरकत नव्हती. आणि समजा, मध्यरात्री हवा पंपात शिरून इंजिन बंद पडले असते, तर मिस्त्रींना कोण बोलले असते? कोणी डिझेलला नावे ठेवली असती, कोणी देवाची इच्छा म्हणून हात जोडले असते. आपल्या हातून राहिलेले किती बुडबुडे आपण आजवर देवाच्या माथी मारले असतील, कोण जाणे!

"बहुधा काही होणार नाही" हे अनुमान खोटे नव्हे, आणि स्वतःपुरते ते मानण्यास प्रत्येकजण मोकळा आहे. परंतु त्या रात्री अंधार झाला असता तर तो तळीच्या ओल्या पायऱ्यांवर उतरणाऱ्या म्हाताऱ्यांच्या आणि कडेवर मुले घेतलेल्या बायकांच्या वाट्याला आला असता. त्यांना ना फिल्टर ठाऊक, ना त्यातली हवा. धोका त्यांचा, आणि त्याची जाणीव एकट्या मिस्त्रींना. ज्याला एकट्यालाच ठाऊक आहे, त्याने ज्यांना ठाऊक नाही त्यांच्या वतीने "चालेल" म्हणण्याचा अधिकार कोठून आणावा? यजमानांनी दिलेली संमतीही येथे पुरी पडत नाही, कारण ती न जाणता दिलेली असते. मिस्त्रींनी हा सारा विचार केला असेल असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या कानाला तो आवाज सोसला नाही, इतकेच असेल.

त्यांनी फिल्टरचा स्क्रू पुन्हा उघडला. चार-सहा बुडबुडे आले, मग धार आली. आणखी पावशेर डिझेल टोपात गेले. या वेळी इंजिन सुरू झाले ते एका लयीत. मिस्त्रींनी हात पुसले, टोपातले डिझेल हत्यारे धुण्यासाठी बाजूला काढले आणि चहा मागितला.

जत्रा संपल्यावर हिशेब लिहिताना ते सांडलेले डिझेल कोणत्या सदरात घालावे, यावर कारकुनाचे आणि त्या महाजनांचे थोडे वाजले. कारकून 'वाया' लिहिणार होता. महाजनांनीच वही पुढे ओढली आणि 'इंजिन बसविणे' या सदराखाली आकडा मांडला.