जिथून बाहेर, तिथूनच आत

डाउनहिल सायकल शर्यतीतला वाद बहुतेक वेळा चाकभर जागेचा असतो. डोंगरमाथ्यावरून स्वार एकेक करून सोडले जातात, घड्याळ धावत असते आणि दोन ते पाच मिनिटांत खेळ संपतो. वाटेच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकून त्यांवर प्लास्टिकची पट्टी ताणलेली असते. एखाद्या वळणावर वेग आवरत नाही, चाक पट्टीबाहेर जाते आणि स्वार दहा-पंधरा फूट खाली पुन्हा वाटेला लागतो. पायथ्याशी घड्याळ त्याला पहिला ठरवते. मग दुसरा म्हणतो, याचे अख्खे वळण वाचले. हा म्हणतो, मी घसरलो, माझा उलट वेळच गेला, आणि पट्टी तर माझ्याआधीच्याने तोडून ठेवली होती. त्या वळणावर पंच नसतो.

जागतिक सायकल संघटनेचा नियम याबाबत साधा आहे. कोणत्याही कारणाने वाट सुटली, तर ज्या दोन खुणांमधून बाहेर गेलात त्याच दोन खुणांमधून परत आत यायचे.

नाशिकच्या सायकलप्रेमींना हे तत्त्व नवे नाही. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघातून पूर्ण केली. सुमारे ४,८०० किलोमीटरचे ते अंतर त्यांनी नऊ दिवसांच्या आत कापले. त्या शर्यतीतही रस्ता चुकला, तर चुकला तिथे परत जाऊन पुढे निघावे लागते. पण नऊ दिवसांच्या हिशेबात वीस मिनिटे गेली तरी ती भरून काढता येतात. तीन मिनिटांच्या उतारावर सायकल उचलून पाच पावले चढायची म्हणजे शर्यत तिथेच सोडून देण्यासारखे आहे. सरळ खाली सुटण्याचा मोह तिथे होतो तो यामुळे, आणि असा मोह झालेला प्रत्येक जण लबाड नसतो.

म्हणूनच काही जण म्हणतात, खरोखर फायदा झाला असेल तरच शिक्षा करा. ऐकायला हे माणुसकीचे वाटते, पण मला पटत नाही. हा फायदा मोजायचा कसा? तो वाटेवरच राहिला असता तर किती सेकंद लागले असते, हे सांगणारे घड्याळ नाही, कारण ती धाव झालेलीच नाही. मग पंच अंदाज करतो, आणि अंदाज माणूस पाहून होतो. मोठ्या स्पर्धांत कॅमेरे आघाडीच्या स्वारांवर खिळलेले असतात, चाळिसाव्या क्रमांकाच्या मुलाला एखाद्या मार्शलने पाहिले तर पाहिले. शंकेचा फायदा नाव असलेल्याला मिळतो, उसन्या सायकलीवर आलेल्याला मिळत नाही. हेतू आणि फायदा न विचारणारा नियम कठोर दिसतो खरा, पण दुबळ्या स्वाराचा खरा आधार तोच आहे.

मात्र एवढे कठोर व्हायचे, तर सीमारेषा आधी ठरलेली आणि डोळ्यांना दिसणारी हवी. रेषा धूसर असली की काय होते, हे आपण कबड्डीत पाहिले आहे. पुरुषांचे मैदान १३ बाय १० मीटरचे, दोन्ही कडांना एकेक मीटरची लॉबी. चढाई करणाऱ्याचा आणि बचावपटूंचा स्पर्श होईपर्यंत लॉबी मैदानाबाहेर, स्पर्श झाला की मैदानात. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत आणि इराण यांच्या अंतिम सामन्यात २८-२८ अशी बरोबरी होती आणि मिनिटभराचा खेळ उरला होता. चढाईवर गेलेला भारताचा पवन सेहरावत कोणालाही न शिवता लॉबीत गेला आणि त्याच्यामागे इराणचे बचावपटूही गेले. एका नियमाप्रमाणे पवन एकटाच बाद, दुसऱ्याप्रमाणे मागे गेलेलेही बाद. निर्णय फिरत राहिला, खेळ तासभर खोळंबला, आणि अखेर भारत ३३-२९ असा जिंकला. नाशिकचा आकाश शिंदे त्या संघात होता, त्या सुवर्णपदकाचा आनंद आपल्याला आहेच. पण लॉबीचा कोणता नियम लागू, हा प्रश्न शेवटच्या मिनिटाला निघायला नको होता. जिंकलेल्यांनी हे म्हणणे अधिक गरजेचे आहे.

डोंगरावर तर रेषाच हलते. सरावाच्या दिवशी स्वार वाट पायी चालून पाहतात, पट्टीच्या आतच एखादी आखूड लाइन शोधतात. ती आयोजकांना आवडली नाही, की रात्रीतून खुंट्या सरकतात. हे मला अन्यायाचे वाटते. पट्टीच्या आतली लाइन ही स्वाराची हुशारी आहे, आणि मोकळी जागा सोडली असेल तर ती चूक आखणाऱ्याची आहे. धोक्यामुळे बदल करायलाच हवा असेल, तर तो सर्वांना सांगून करावा आणि त्या जागी पुन्हा सराव द्यावा.

सह्याद्रीत या पट्टीला आणखी एक अर्थ आहे. आपल्याकडच्या उतारांवर शॉर्टकटची पायवाट पडली, की पावसाळ्यात पाणी तिचाच ओहोळ करते आणि माती वाहून जाते. ट्रेकर्सच्या वाटांवर हे जागोजाग दिसते. अंजनेरीसारख्या डोंगरावर, जिथल्या सेरोपेजिया अंजनेरिका या वनस्पतीला डोंगराचेच नाव मिळाले आहे, तिथे वाटेबाहेर पडलेले पाऊल कशावर पडेल याचा नेम नाही. पट्टीबाहेरची जमीन कोणाच्याच शर्यतीची नसते, हे स्वारांनी आणि त्याहून अधिक प्रेक्षकांनी लक्षात घ्यायला हवे.

नाशिक परिसरात उताराची शर्यत भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे. आदल्या संध्याकाळी स्वारांबरोबर पूर्ण वाट पायी उतरा. सीमेचा नियम मराठीत छापून प्रत्येकाच्या हातात द्या. पट्टी तुटली तर दोन खुंट्यांमधली सरळ रेषा हीच सीमा, हे त्यात लिहा. अवघड वळणावर मार्शल उभा करा आणि त्याच्याजवळ पट्टीचे बंडल व जादा खुंट्या ठेवा. आणि तक्रार ऐकायची ती बक्षीस वाटण्याआधी ऐका.