पांढरीची साक्ष

आमच्या रनाळ्याच्याच जिल्ह्यात, तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे क्षेत्र आहे. १९५४-५५ साली पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी तिथल्या पांढरीच्या टेकाडात उत्खनन केले. थराखाली थर निघाले. तळाशी ताम्रपाषाण काळातली वस्ती लागली.

अशा जागी आपली सेवा कोणती? आपण पांढरीची माती शेताला नेतो, सापडलेले खापर घरी आणतो, जुन्या मूर्तीला भक्तीने ऑइलपेंट फासतो. भाव खरा, पण साक्ष मोडते. खापर कोणत्या थरात होते यावरून त्याचा काळ कळतो. जागचे हलले की ते मुके होते. मीही कीर्तनात जीर्णोद्धारासाठी झोळी फिरवली. जुने कोरीव दगड कुठे गेले, हे कधी विचारले नाही. ती चूक माझी.

सेवा म्हणजे काहीतरी करणे, असे आपण धरून चालतो. इथे हात आवरणे हीच सेवा. काही सापडले तर उचलू नका, तहसील कचेरीत कळवा. भोवतालचा कचरा काढा, पोरांना जागा दाखवा, समजावून सांगा. आपला विठोबासुद्धा कर कटेवर ठेवूनच उभा आहे. एवढे तरी त्याच्याकडून शिकू या.