पंचगंगेवरचे मंत्र

१८९९ सालचा कार्तिक. कोल्हापूरचे शाहू महाराज पहाटे पंचगंगेवर स्नानाला गेले आणि भटजींनी मंत्र सुरू केले. सोबत मुंबईचे संस्कृत पंडित राजारामशास्त्री भागवत होते, म्हणून बिंग फुटलं. छत्रपतींसाठी म्हटले जात होते ते पुराणोक्त मंत्र, म्हणजे शूद्रांसाठी ठरवलेले. अशा मंत्रांना सोवळंही लागत नाही, त्यामुळे भटजी स्वतः पारोसेच आले होते, असं सांगतात!

मंत्रांत चूक एकही नव्हती. सगळी मदार होती ती ऐकणाऱ्याला काही कळत नाही, या खात्रीवर. खुद्द राजाला हात जोडायला लावून, त्याच्याच पैशांनी, त्याची पायरी त्याला दाखवली जात होती.

मंत्राला अर्थ असतो का, हा वाद फार जुना. मंत्र निरर्थक आहेत, हे कौत्स नावाच्या आचार्याचं मत यास्काने निरुक्त या वैदिक शब्दांच्या अर्थावरच्या प्राचीन ग्रंथात नोंदवून खोडून काढलं. घाटावर मात्र कौत्सच जिंकला म्हणायचा.

महाराजांनी वेदोक्ताचा, म्हणजे वेदांतल्या मंत्रांचा आग्रह धरला. राजघराण्याचे पुरोहित राजोपाध्ये बधेनात, तेव्हा १९०२ मध्ये त्यांची इनामं खालसा झाली. लोकमान्य टिळकही या वादात महाराजांच्या बाजूने उभे राहिले नाहीत.

जोतीराव फुल्यांनी या दुखण्यावर औषध आधीच शोधलं होतं. १८७३ मध्ये त्यांचा सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी भटजीविना लग्नं लागू लागली. त्यांनी रचलेल्या मराठी मंगलाष्टकांत वधू भर मांडवात वराकडे स्त्रियांच्या हक्कांची मागणी करते, आणि त्याला सगळ्यांदेखत उत्तर द्यावं लागतं.