रान कोणाला म्हणावे?

हेक्टरभर जमिनीवर १० टक्के झाडांची सावली असली, की सरकारी मोजणीत ते वनाच्छादन ठरते. मग ते भीमगडचे सदाहरित रान असो वा निलगिरीची लागवड! मला हा हिशेब पटत नाही. झाडे एकाच जातीची, हा काही दोष नव्हे. पूर्व सैबेरियात मैलोन्‌मैल लार्चच उभा असतो, तरी ते अरण्यच. पण तिथे पडल्या झाडाच्या जागी नवे झाड कोणाला न विचारता उगवते. आपल्या देवराईत, कानडीतल्या देवरकाडूत तेच. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यापासून तोडलेल्या रानाबदली दुसरीकडे रोपे लावतात, आणि त्याला भरपाई म्हणतात. ज्याचे गेले त्याला ती पोचते का? धनेशाला घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली लागते. रोपाला ती कुठली असायची?