विषाचें औषध आणि सत्याची मात्रा

कोंकणच्या रानांत काजऱ्याचें झाड आढळतें. त्याचें बीं प्राणघातक. परंतु शोधन करून योग्य मात्रेंत दिल्यास तेंच औषध होतें, हें आमच्या वैद्यांस पूर्वापार ठाऊक आहे. अर्वाचीन शास्त्रानें ह्याच जातीची गोष्ट जंतूंच्या बाबतींत करून दाखविली. काल्मेत व गेरँ ह्या फ्रेंच संशोधकांनीं गुरांच्या क्षयाचे जंतू १९०८ पासून १३ वर्षें पुनःपुन्हां नव्या अन्नावर वाढविले. सुमारें २३० वेळां असें केल्यावर त्यांची मारकता ओसरली, आणि १९२१ मध्यें बी. सी. जी. ही लस प्रथम मनुष्यास देण्यांत आली. पुढें १९७६ मध्यें कॅनडांतील डॉक्टर मोरालेस ह्यांनीं तेच जिवंत जंतू मूत्राशयाच्या वरवरच्या कर्करोगावर गुणकारी ठरतात असें प्रसिद्ध केलें. ह्या उपचारांत मुख्य झुंज शरीराच्या रक्षक पेशी देतात. जंतूंच्या चाहुलीनें खवळून त्या रोगट पेशींवर तुटून पडतात.

येथें नीतीचा एक प्रश्न उद्भवतो. मालवणच्या किनाऱ्यावरील एखाद्या वृद्ध गृहस्थास हा रोग जडला, म्हणजे घरचीं माणसें त्यांस मुंबईस परळला किंवा गोव्यांत बांबोळीस नेतात, आणि डॉक्टरांस एकीकडे गांठून विनवितात, "त्यांना कांहीं सांगूं नका." आधीं कर्करोगाचें नांव, त्यांत औषध म्हणून क्षयाच्या कुळांतले जंतू! ह्या लपविण्याच्या मुळाशीं माया आहे, हें आम्हीं नाकारीत नाहीं. भयानें माणूस खचतो, हेंही खरें.

तथापि ही माया कोणास भोवते, ह्याचा विचार झाला पाहिजे. क्वचित् एखाद्या रोग्याच्या शरीरांत हे जंतू पसरतात व ताप हटत नाहीं. क्षयावरील औषधें वेळेवर मिळालीं तर तो वांचतो. परंतु गांवच्या डॉक्टरांस पावसाळ्यांत हिवताप किंवा लेप्टोच प्रथम आठवणार; आपल्या शरीरांत काय सोडलें आहे हें रोग्यासच ठाऊक नसेल, तर त्यांस तें सांगणार कोण? शिवाय औषध दिल्यानंतर पहिले सहा तास लघवीबाबत विशेष स्वच्छता पाळावी लागते, तीहि अज्ञानांत पाळली जात नाहीं. म्हणजे ज्यांच्या रक्षणासाठीं मौन धरिलें, त्यांच्याच जिवास व घरांतील इतरांस धोका!

आणखी एक गोष्ट. ज्याच्या देहानें हें युद्ध लढावयाचें, त्यासच युद्धाची वार्ता नसावी, हें त्यास बाहुलें लेखण्यासारखें नव्हे काय? ज्या गृहस्थानें आयुष्यभर घराचे निर्णय घेतले, त्याच्या शरीराचा निर्णय दुसऱ्यांनीं परस्पर घ्यावा, हा न्याय नव्हे.

सत्य एकदम अंगावर ओतावें, असें आमचें म्हणणें नाहीं. रोगी किती विचारतो, किती सोसूं शकतो, हें पाहून प्रेमाच्या माणसानें तें हळूहळू सांगावें. विष देतांना वैद्य मात्रा सांभाळतो; सत्य सांगतांनाही ती सांभाळतां येते. मात्र मात्रेच्या नांवाखालीं औषधच लपवून ठेवणें, ह्यास दया म्हणतां येणार नाहीं.