ब्रेक लागला नव्हता

आमच्या ग्रुपमध्ये सामानाची वाटणी ठरलेली आहे. हवेचा पंप एकाकडे, ट्यूब आणि पॅच-सोल्युशन दुसऱ्याकडे, क्लच वायर, चेन लॉक, फ्यूज, बाइंडिंग तार तिसऱ्याकडे. पाने माझ्याकडे. साताऱ्याचे आम्ही सहाजण आणि सांगली-मिरजेची चार-पाच पोरं महिन्यातून एखाद्या रविवारी कच्च्या वाटांना निघतो. वयानं मी सगळ्यांत मोठा, म्हणून नियमही मीच घालून दिले. कासच्या पठारावर चाक घालायचं नाही. कोयना आणि चांदोलीचं जंगल 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, तिकडच्या आडवाटा शोधायच्या नाहीत. कुणाची गाडी बंद पडली तर सगळ्यांनी थांबायचं. हे नियम मी मनापासून पाळले, आणि तेवढ्यावर स्वतःला सरळ माणूस समजत आलो.

चार वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर होता. ठोसेघरच्या पुढं, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांकडे जाणारी एक कच्ची वाट. मिरजेच्या एका पोराच्या एक्सपल्सचं पुढचं चाक जांभ्याच्या कडेवर आपटलं आणि बसलं. ह्या गाडीला तारांची चाकं, पुढचं एकवीस इंची, मागचं अठरा, आणि आत ट्यूब. ट्यूबलेस टायरसारखी बाहेरून दोरी खुपसून भागत नाही, चाकच काढावं लागतं. कच्च्या रस्त्यासाठी हवा कमी केलेली असली की दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. तसंच झालं होतं. पॅच मारत बसण्यापेक्षा मी नवी ट्यूब घालायची ठरवली.

काम चांगलं झालं, हे आजही म्हणतो. टायर लिव्हरनं ट्यूब कुठं चावली नाही. टायरच्या आतून बोटं फिरवून काटा, खडा राहिला नाही ना ते पाहिलं. एक्सलचा नट दोनदा आवळला. पण चाक बाहेर असताना कुणीतरी ब्रेकची लिव्हर दाबली होती आणि पॅड एकमेकांना चिकटून बसले होते. मधे डिस्क जाईना, म्हणून चपट्या स्क्रू ड्रायव्हरनं मी ते फाकवले. पॅड मागं ढकलले की पिस्टन मागं सरतात आणि ब्रेक ऑइल वर डबीत परत जातं. मग लिव्हर चार-सहा वेळा दाबून पॅड पुन्हा डिस्कला भिडवावे लागतात. नाहीतर पहिल्या दाबाला लिव्हर सरळ हँडलला जाऊन टेकते आणि ब्रेक काही लागत नाही. ज्या वस्तादांच्या हाताखाली मी पाना धरायला शिकलो, ते चाक बसवल्यावर पाने गोळा करायच्या आधी लिव्हरला हात घालत. पाने जमिनीवर, हात लिव्हरवर. मी शेकडो वेळा पाहिलेलं.

त्या दिवशी माझं लक्ष घड्याळाकडे होतं. खालून धुकं चढत होतं, गाड्या सुरू झाल्या होत्या आणि मागून कुणीतरी म्हणालं, "पंचवीस मिनिटांत, दादा!" मला बरं वाटलं. पाने गुंडाळले आणि मिरजेच्या पोराला म्हणालो, "जा."

दोनशे फुटांवर उतार होता आणि उतारालाच वळण. तो वळलाच नाही. सरळ चरीत गेला.

आम्ही धावलो. तो डावा खांदा धरून बसला होता. म्हणाला, "दादा, ब्रेक लागलाच न्हाई ओ. दाबला मी. लिव्हर आतच गेली सगळी."

मी गाडी उभी केली आणि लिव्हर दाबली. घट्ट. पडता पडता त्यानं दोन-तीनदा तरी दाबली असणार, तेवढ्यात पॅड जागेवर आले होते. माझी चूक स्वतःहून पुसली गेली होती. काय घडलं ते मला त्याच क्षणी कळलं. नंतर विचार केल्यावर कळलं, असं मी बराच काळ मनाशी म्हणत आलो, पण ते खरं नाही. मी त्याला म्हणालो, "ब्रेक आहे की रे. घाबरलास, हात सुटला असंल."

चौघांनी आळीपाळीनं लिव्हर दाबून पाहिली आणि माना डोलावल्या. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या उजव्या हाताकडे. ती नजर अजून जात नाही. स्वतःच्या हाताला ज्यानं नीट ओळखलं होतं, त्याला मी त्याच हातावर संशय घ्यायला लावला.

कॉलरबोन मोडलं होतं. साताऱ्यात आणून दाखवलं, पुढं प्लेट बसवावी लागली. त्या दिवसाचं बिल मी भरलं, आणि ग्रुपमध्ये त्याचंही कौतुक झालं. ते मी ऐकून घेतलं.

लिव्हर पंप करायला विसरणं ही चूक होती. थकलेल्या, घाईत असलेल्या कुठल्याही माणसाकडून होईल अशी. तिच्याबद्दल मी स्वतःला केव्हाच माफ केलं असतं. पण नंतरचं वाक्य घाईत आलं नव्हतं. ते मी निवडून बोललो. पाने माझ्याकडे असतात ह्याचा अर्थ इतकाच, की उतारावर दुसरा माणूस माझ्या हाताच्या भरवशावर जातो. त्याच्या जिवापेक्षा मी माझ्या हाताचं नाव जपलं.

पुढं जे केलं, त्याची लाज जास्त वाटते. मी नवा नियम काढला: चाक काढलं की पॅडच्या मधे पुठ्ठ्याची घडी सरकवायची, आणि बसवल्यावर दहा वेळा लिव्हर पंप करून जागेवरच गाडी ढकलून पाहायची. नव्या पोरांना मी हे कळकळीनं शिकवतो. ती म्हणतात, दादांचा अनुभव आहे. अनुभव कुणाच्या खांद्यावरचा, ते मी सांगत नाही. शिकवण्यानं फिटतंय असं मला वाटत राहिलं, आणि त्यातच चार वर्षं गेली.

त्यानं गाडी विकली. मधे सांगलीच्या एकाकडून कळलं, तो म्हणतो की ऑफरोड आपल्याला जमत नाही, ऐन वेळी हात सुटतो.

ते ऐकल्यावर आठ दिवस झोप नीट लागली नाही. परवा रात्री फोन केला. प्रस्तावना करायची नाही असं ठरवलं होतं, तरी पाऊसपाण्याचं बोललो. मग सांगितलं. स्क्रू ड्रायव्हरपासून सगळं, क्रमानं. मला तेव्हाच कळलं होतं, हेही.

बराच वेळ तो काही बोलला नाही. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला.

मग त्यानं विचारलं, "म्हंजे मी ब्रेक दाबला हुता?"

"दाबला होतास."