संसर्गदोष आणि वकीलपत्र

एप्रिल 2014. पाकिस्तानात मुलतानच्या तुरुंगात एका तरुण प्राध्यापकावरच्या ईशनिंदेच्या खटल्याची सुनावणी चालू होती. आरोपीतर्फे उभे होते मानवी हक्कांचे वकील राशिद रहमान. पुढच्या तारखेला तुम्ही हयात नसाल, अशी धमकी फिर्यादी पक्षाच्या लोकांनी त्यांना न्यायाधीशांच्या देखत दिली. 7 मे रोजी बंदूकधारी त्यांच्या कार्यालयात शिरले आणि त्यांना गोळ्या घालून ठार केले.

रहमान यांचा अपराध काय? ज्याच्यावर पापाचा आरोप होता, त्याच्या शेजारी ते उभे राहिले, एवढाच.

पाप्याच्या शेजारी उभा राहणाराही पापी, ही समजूत कुठल्या एका धर्माची मिरास नाही. मनुस्मृतीने पाच महापातके सांगितली आहेत: ब्रह्महत्या, सुरापान, चोरी, गुरुपत्नीगमन आणि पाचवे, ही पातके करणाऱ्यांचा संसर्ग. पाप सोबतीने लागते, ही कल्पना महाराष्ट्रात तरी कुणाला समजावून द्यावी लागत नाही. 2009 साली मुंबईवरील दहशतवादी हल्ल्याच्या खटल्यात कसाबची बाजू मांडण्यासाठी न्यायालयानेच वकील नेमला, तेव्हा त्या वकिलाच्या घरावर जमाव चालून गेला. त्याच खटल्यात फहीम अन्सारीचे वकीलपत्र शाहिद आझमी यांनी घेतले होते. 11 फेब्रुवारी 2010 रोजी कुर्ल्यातल्या त्यांच्या कार्यालयात त्यांची हत्या झाली. 3 मे रोजी विशेष न्यायालयाने अन्सारीला हल्ल्याच्या आरोपांतून मुक्त केले आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. निकाल लागायच्या आधीच आरोपीला पापी मानणारे त्याच्या वकिलालाही पापी ठरवून मोकळे झाले होते.

पण धर्मपरंपरांनीच याला उत्तरही दिले आहे. सगळे न्यायाधीश एकमुखाने दोषी म्हणत असतील तर आरोपीला सोडून द्यावे, असे मत ज्यूंच्या तालमूद या ग्रंथात नोंदलेले आहे. जिथे कुणालाच बचावाची बाजू दिसली नाही, तिथे न्याय नीट झालेला नाही, असा त्याचा आशय घेतला जातो. शंका असेल तर हुदूदची, म्हणजे धर्माने ठरवून दिलेली, कठोर शिक्षा टाळावी, हे इस्लामी न्यायशास्त्राचे जुने तत्त्व आहे. 1723 साली इंग्लंडमधल्या एका न्यायाधीशाने केंब्रिज विद्यापीठाला सुनावले की, खुद्द देवानेही आदामाचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय त्याला शिक्षा दिली नाही. देव सर्वज्ञ, त्याला विचारायची गरज नव्हती. तरीही त्याने विचारले. मग ज्यांना सगळे ठाऊक नाही, त्या माणसांनी वकिलाचे तोंड कोणत्या अधिकाराने बंद करावे? शंका बोलून दाखवणारा माणूस आरोपीइतकाच न्यायाधीशालाही पापापासून वाचवतो.

संयुक्त राष्ट्रांनी 1990 मध्ये हवाना येथे वकिलांच्या भूमिकेविषयी जी मूलतत्त्वे स्वीकारली, त्यांतल्या अठराव्या तत्त्वाने हा संसर्गदोष स्पष्ट शब्दांत नाकारला. काम केले म्हणून वकिलाला त्याच्या अशिलाशी किंवा अशिलाच्या भूमिकेशी एकरूप मानू नये, असे ते सांगते. या तत्त्वांना कायद्याचे बळ मात्र नव्हते. ते किती लागते हे उत्तर आयर्लंडमध्ये दिसले. रोझमेरी नेल्सन या वकिलाला येणाऱ्या धमक्यांविषयी संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिनिधींनी 1998 मध्ये इशारा दिला. नेल्सन यांनी स्वतः अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली. 15 मार्च 1999 रोजी गाडीखाली ठेवलेल्या बॉम्बने त्यांचा जीव घेतला. जगाचे लक्ष होते, घरच्या सरकारचे संरक्षण नव्हते. वकिली व्यवसायाच्या संरक्षणाचा पहिला बंधनकारक आंतरराष्ट्रीय करार युरोप परिषदेने स्वीकारला तो थेट मार्च 2025 मध्ये.

बाहेरच्यांनी यात पडावेच का, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. तुमचा धर्म, तुमचा कायदा आम्हाला शिकवू नका, असे म्हणणाऱ्यांच्या मनात वसाहतींचा इतिहास असतो आणि तो खोटा नाही. परक्यांची मदत घेतली की वकिलावर ‘परदेशी हस्तक’ हा आणखी एक शिक्का बसतो, हेही खरे. म्हणून मदत कशासाठी, हे पाहिले पाहिजे.

आसिया बीबी या ख्रिस्ती महिलेला ईशनिंदेसाठी 2010 मध्ये फाशी सुनावली गेली. 31 ऑक्टोबर 2018 रोजी पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने तिला निर्दोष सोडले. त्या निकालपत्रात आधार घेतला होता तो कुराणाचा आणि इस्लामी शिकवणुकीचा. युक्तिवाद बाहेरून आलेला नव्हता, तो त्याच धर्मात होता. तो कोर्टापुढे यायला मात्र कुणीतरी वकीलपत्र घेणे आणि जिवंत राहणे आवश्यक होते. निकालानंतर रस्त्यांवर उसळलेल्या संतापामुळे तिचे वकील सैफ उल मलूक नेदरलँड्सला गेले. आपल्या मनाविरुद्ध देश सोडावा लागला, असे त्यांनी तिथे सांगितले.

त्यांच्या या तक्रारीत मदत करणाऱ्यांसाठी मोठा धडा आहे. वकिलाला उचलून सुरक्षित देशात ठेवले तर त्याचा जीव वाचतो, पण त्याचे अशील तुरुंगातच राहतात आणि धमकी देणाऱ्यांना हवे तेच घडते. आश्रय हवाच, पण परतीची वाट मोकळी ठेवणारा. खटल्याला हजर राहणारे निरीक्षक, सहकारी बार असोसिएशनांचा पाठिंबा, संरक्षण देण्यासाठी सरकारवर सततचा दबाव, यांची किंमत म्हणूनच निषेधपत्रकांपेक्षा जास्त आहे.

जानेवारी 2019 मध्ये फेरविचार याचिकेच्या सुनावणीसाठी मलूक इस्लामाबादला परतले आणि ती याचिका फेटाळली गेली. पुढे ईशनिंदेसाठी 2014 मध्ये फाशी सुनावलेल्या एका ख्रिस्ती दांपत्याची बाजू त्यांनी लाहोर उच्च न्यायालयात मांडली. जून 2021 मध्ये तेही निर्दोष सुटले.